जुन्या लेन्सचा हूड हरवलाय? नवा घेण्याआधी हे वाचा, नाहीतर पैसे जातील आणि फोटोचे कोपरे काळे होतील

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला मावसबहिणीची हळद होती. भर दुपार, अंगणात पांढरा मांडव आणि डोक्यावर मराठवाड्याचं ऊन. माझ्याकडे मामांचा जुना लेन्स होता. मामा लातूरला फोटो स्टुडिओ चालवायचे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्यांनी तो मला दिला. निकॉनचा ५० एमएम, एफ/१.८ डी. काच एकदम क्लीन, फोकस झकास.

पण घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडले तर निम्मे फोटो धुतल्यासारखे. काळा रंग राखाडी, हळदीचा पिवळा फिका, आणि सगळ्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखा पांढरट थर. आजीचा मनमोकळं हसतानाचा त्या दिवशीचा एकच फोटो आहे आणि तोही असाच आलाय. एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला. चेहरा थोडा सुधारला, पण नऊवारीचा हिरवा रंग काही परत आला नाही.

मामांना फोटो पाठवले. त्यांचा पहिला प्रश्न, "लेका, ह्याचा हूड कुठंय?"

हूड कुठं होता? मामांच्या कपाटात नव्हता, माझ्या बॅगेत नव्हता. स्टुडिओ हलवताना कधीतरी हरवला असणार. मग मी नवा हूड शोधायला निघालो आणि पहिल्याच प्रयत्नात चुकीचा घेऊन आलो. ती चूक का झाली आणि बरोबर हूड कसा ओळखायचा, हे आज नीट समजून घेऊ. सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, घरातला जुना लेन्स वापरताय किंवा लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्डरी घेताय, तर हे तुमच्या कामाचं आहे.

हूड नेमकं करतो काय?

लेन्सच्या पुढे जी गोल नळी किंवा पाकळ्यांसारखी काळी टोपी असते तो हूड. बरेच जण त्याला नुसती स्टाईल समजतात. मोठा हूड लावला की फोटोग्राफर 'प्रोफेशनल' दिसतो, एवढंच.

खरं काम वेगळं आहे. फोटोच्या चौकटीत जे दिसतं त्याचा प्रकाश लेन्सला हवा असतो. पण चौकटीच्या बाहेरचा सूर्य, मांडवाचा एलईडी किंवा समोरच्या गाडीचा हेडलाईट यांचा प्रकाशसुद्धा तिरका येऊन पुढच्या काचेवर पडतो. लेन्समध्ये एक काच नसते, अनेक असतात. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. कोटिंगमुळे हे प्रमाण खूप कमी होतं, पण जुन्या लेन्सचं कोटिंग आजच्या इतकं चांगलं नसतं. त्यामुळे हा आगंतुक प्रकाश आतल्या काचांमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी सेन्सरवर पसरतो. तोच तो पांढरट थर. कधी त्याचे गोल किंवा षटकोनी ठिपकेही दिसतात.

हूड हा तिरका प्रकाश बाहेरच अडवतो. उन्हात लांबचं बघताना आपण कपाळावर हात आडवा धरतो ना? तेच काम.

दुसरा फायदा म्हणजे मार झेलणं. मालेगावच्या खंडोबा यात्रेत, सिद्धेश्वर यात्रेत किंवा लग्नाच्या वरातीत कुणाचा कोपर लागला तर आधी हूड आपटतो, काच वाचते.

आता हूडची मर्यादा. सूर्य चौकटीच्या आतच असेल, उदाहरणार्थ गोदावरीच्या घाटावरून मावळतीचा फोटो घेताय, तर हूड काहीही करू शकत नाही. तो फक्त चौकटीबाहेरचा प्रकाश अडवतो.

थांबा, दोष हूडचाच आहे का?

हूडवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, यूव्ही फिल्टर. लेन्सला 'संरक्षण' म्हणून स्वस्तातला फिल्टर लावायची आपल्याकडे सवय आहे. तो साधी काच असेल, त्यावर बोटांचे ठसे आणि धूळ असेल, तर धूसरपणा तिथूनच येतो. फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या. माझ्या बाबतीत निम्मा दोष या फिल्टरचाच निघाला. मामांनी पंधरा वर्षांपूर्वी लावलेला फिल्टर मी कधी काढलाच नव्हता.

दुसरी, लेन्सच्या आतली बुरशी किंवा धुकं. खोलीत अंधार करा, लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. सगळीकडे सारखा दुधी थर दिसला तर धुकं आहे. अशा वेळी कितीही चांगला हूड लावा, फोटो धुरकटच येणार. आधी लेन्स रिपेअरवाल्याला दाखवा.

दोन्ही ठीक असेल तर एक साधी परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर ठेवा. सूर्य चौकटीबाहेर पण समोरच्या बाजूला असू द्या. एक फोटो तसाच घ्या. दुसरा घेताना लेन्सच्या काचेवर सावली पडेल असा हात आडवा धरा, हात मात्र फोटोत येऊ देऊ नका. दुसऱ्या फोटोत काळा रंग खरोखर काळा आला, तर तुम्हाला हूड हवाय.

सगळ्यात कॉमन चूक: ५० आणि ५२ यातला फरक

नांदेडला एका दुकानात जाऊन मी म्हणालो, "५० एमएमचा हूड द्या." दुकानदारानं डबा दिला. त्यावर ५० एमएम एफ/१.८ असंच लिहिलं होतं. घरी येऊन लावायला गेलो तर बसेचना. लेन्सला खाचाच नव्हत्या.

झालं असं की तो हूड निकॉनच्या ५० एमएम एफ/१.८ जी या नंतरच्या लेन्सचा होता. माझा लेन्स होता 'डी'. फोकल लेंथ तीच, एफ नंबर तोच, पण एका अक्षरानं हूड बदलला. जी लेन्सचा हूड खाचेत फिरवून बसतो. डी लेन्सला तशा खाचाच नाहीत. त्याच्या पुढच्या तोंडाला आतून आटे आहेत, हूड त्यात फिरवून बसवावा लागतो.

इथं दोन आकड्यांची गल्लत होते. लेन्सवर लिहिलेला ५० एमएम किंवा १८-५५ एमएम हा आकडा फोकल लेंथ आहे, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवणार ते. लेन्सच्या तोंडाचं माप वेगळं असतं. गोलावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं आणि त्यापुढे ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७ असा आकडा असतो. हे फिल्टर लावायच्या आट्यांचं माप. लेन्सवर सापडलं नाही तर पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा, बहुतेक वेळा तिथं लिहिलेलं असतं.

दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या: कंपनी, लेन्सचं पुढच्या गोलावर लिहिलेलं पूर्ण नाव (डी, जी, व्हीआर, आयएस, एसटीएम ही सगळी अक्षरं धरून) आणि तोंडाचं माप. लेन्स सोबत नेता आला तर सर्वात उत्तम.

हूड किती प्रकारे बसतो?

चार प्रकार लक्षात ठेवा.

१. खाचेचा. लेन्सच्या बाहेरच्या कडेला खाचा असतात. हूड त्यात ठेवून थोडा फिरवला की 'टक्' आवाज होऊन बसतो. साधारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले बहुतेक लेन्स या प्रकारचे. खाचांची जागा आणि आकार प्रत्येक लेन्सचा वेगळा असू शकतो, म्हणून इथं अंदाज चालत नाही. नेमका कोडच हवा.

२. आट्यांचा. फिल्टरसारखा फिरवून बसतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे बरेच लेन्स या प्रकारात येतात. फायदा असा की तोंडाचं माप जुळलं की कुठल्याही कंपनीचा हूड बसतो. निकॉनच्या ५२ मापाच्या लेन्सला दुसऱ्या कंपनीचा ५२ मापाचा हूड आरामात बसेल.

३. बाहेरून चढवायचा. लेन्सच्या तोंडावर बाहेरून बसतो आणि स्क्रूनं किंवा स्प्रिंगनं घट्ट होतो. फार जुन्या लेन्सना हा लागतो. इथं आट्यांचं नाही, लेन्सच्या बाहेरच्या घेराचं माप लागतं. व्हर्निअर कॅलिपरनं मोजा. तो नसेल तर तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा.

४. जुना बेयोनेट. स्टुडिओवाल्यांच्या घरात अजूनही यशिका मॅट-१२४ जी सारखा दोन डोळ्यांचा कॅमेरा सापडतो. त्याच्या लेन्सला 'बे-१' नावाचं माऊंट असतं. रोलायफ्लेक्सच्या काही मॉडेल्सनाही हेच, तर मोठ्या काचेच्या मॉडेल्सना बे-२ किंवा बे-३ लागतं. बे-१ चा हूड मागवला तर यशिकालाही चालतो. तो खालच्या लेन्सला लावायचा, कारण फोटो खालच्या लेन्समधून येतो. वरचा फक्त बघण्यासाठी असतो.

कोडची भाषा समजली की निम्मं काम झालं

कंपन्यांनी हूडला दिलेले कोड विचित्र वाटतात, पण त्यात अर्थ असतो.

निकॉनमध्ये 'एचबी' म्हणजे खाचेचा, 'एचएन' म्हणजे आट्यांचा, 'एचआर' म्हणजे रबरचा आट्यांचा आणि 'एचएस' म्हणजे स्प्रिंगनं अडकणारा. पुढचा आकडा माप नाही, तो फक्त क्रमांक आहे. एचबी-४५ म्हणजे ४५ एमएम असं समजू नका.

कॅननमध्ये 'ईडब्ल्यू' म्हणजे वाईड लेन्ससाठी, 'ईएस' म्हणजे स्टँडर्डसाठी आणि 'ईटी' म्हणजे टेलीसाठी. इथं पुढचा आकडा हूड बसतो त्या जागेच्या मापाच्या जवळपास असतो. शेवटचं अक्षर मात्र महत्त्वाचं. त्या एका अक्षरावर हूड बसणार की नाही हे ठरतं.

आपल्याकडे सेकंडहँडमध्ये सर्वाधिक फिरणाऱ्या लेन्सचे कोड खाली दिलेत. सर्च करताना हे इंग्रजी अक्षरांत टाईप करा.

निकॉन:
- ५० एमएम एफ/१.८ डी आणि एफ/१.४ डी (तोंड ५२): एचआर-२
- ५० एमएम एफ/१.८ जी (तोंड ५८): एचबी-४७
- ३५ एमएम एफ/१.८ जी डीएक्स (तोंड ५२): एचबी-४६
- १८-५५ बिनाव्हीआर (तोंड ५२): एचबी-३३
- १८-५५ व्हीआर, पहिला (तोंड ५२): एचबी-४५
- १८-५५ व्हीआर २ (तोंड ५२): एचबी-६९
- १८-५५ एएफ-पी (तोंड ५५): एचबी-एन१०६
- १८-१०५ व्हीआर आणि १८-१४० व्हीआर (तोंड ६७): एचबी-३२
- ५५-२०० व्हीआर, पहिला (तोंड ५२): एचबी-३७
- ७०-३०० व्हीआर, एएफ-एस (तोंड ६७): एचबी-३६
- ८५ एमएम एफ/१.८ डी (तोंड ६२): एचएन-२३

कॅनन:
- ५० एमएम एफ/१.८ २ (तोंड ५२): ईएस-६२, सोबत त्याचा अडॅप्टर लागतो
- ५० एमएम एफ/१.८ एसटीएम (तोंड ४९): ईएस-६८
- १८-५५ आयएस आणि आयएस २ (तोंड ५८): ईडब्ल्यू-६०सी
- १८-५५ आयएस एसटीएम (तोंड ५८): ईडब्ल्यू-६३सी
- ५५-२५० आयएस (तोंड ५८): ईटी-६०
- ५५-२५० आयएस एसटीएम (तोंड ५८): ईटी-६३
- १८-१३५ आयएस (तोंड ६७): ईडब्ल्यू-७३बी
- ८५ एमएम एफ/१.८ (तोंड ५८): ईटी-६५ ३
- २४-१०५ एफ/४ एल आयएस, पहिला (तोंड ७७): ईडब्ल्यू-८३एच

यादीतला १८-५५ बघा. निकॉनचा एकच '१८-५५' आणि त्याला चार वेगळे हूड. कॅननच्या दोन १८-५५ लेन्सचं तोंडही सारखंच ५८, तरी हूड वेगळा. म्हणून नुसतं "१८-५५ चा हूड द्या" म्हणणं म्हणजे नशिबाचा खेळ.

गोल हूड की पाकळ्यांचा?

पाकळ्यांचा हूड दिसायला भारी. पण त्या पाकळ्या शोभेसाठी नाहीत. आपला फोटो आयताकृती असतो, म्हणून कोपऱ्यांच्या दिशेला हूड कमी करावा लागतो, नाहीतर तो फोटोत दिसतो. लांब पाकळ्या वर-खाली आणि आखूड पाकळ्या बाजूला, अशी त्यांची जागा ठरलेली असते.

आता अडचण बघा. कॅननचा १८-५५ आयएस २ सारखे जुने किट लेन्स फोकस करताना पुढचा भाग गोल फिरवतात. त्यावर पाकळ्यांचा हूड लावला तर पाकळ्याही फिरणार आणि लांब पाकळी कोपऱ्यात आली की फोटोचा कोपरा काळा. म्हणून त्याचा कंपनीचा हूड गोलच आहे. नंतर आलेल्या एसटीएम लेन्सचं तोंड फिरत नाही, म्हणून त्याला पाकळ्यांचा हूड चालतो.

तुमचा लेन्स फिरतो का हे बघायचं असेल तर पुढच्या गोलावर स्टिकरचा छोटा तुकडा लावा आणि जवळ-लांब फोकस करा. तुकडा फिरला तर गोल हूडच घ्या.

आट्यांनी बसणारा पाकळ्यांचा हूड स्वस्तात मिळतो, पण त्यात आणखी एक भानगड आहे. आटे जिथं संपतील तिथं हूड थांबतो. पाकळ्या तेव्हा सरळ असतील याची खात्री नाही. माझ्या लातूरच्या मित्रानं १८-५५ ला असाच हूड लावून अख्ख्या साखरपुड्याचे फोटो काढले. १८ वर काढलेल्या प्रत्येक ग्रुप फोटोत एक कोपरा काळा होता आणि त्या कोपऱ्यात मुलाचे काका उभे होते.

हूड किती लांब असावा?

लेन्स जितका रुंद दाखवतो तितका हूड आखूड आणि पसरट हवा. जितका टेली, तितका लांब चालतो. साधा हिशोब असा:

- छोट्या सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर १८ एमएम: कोपरा ते कोपरा सुमारे ७६ अंश दिसतं. हूड दर १० एमएम लांब केला की त्याच्या तोंडाचा व्यास साधारण १६ एमएम वाढायला हवा.
- फुल फ्रेमवर ५० एमएम: सुमारे ४७ अंश. दर १० एमएम लांबीला व्यास साधारण ९ एमएम वाढवा.
- फुल फ्रेमवर २०० एमएम: सुमारे १२ अंश. दर १० एमएम लांबीला २ एमएम वाढ पुरते.

म्हणजे २०० एमएमचा सरळ नळीसारखा हूड १८ एमएमला लावला तर फोटो बोगद्यातून काढल्यासारखा येणार. उलट, १८ एमएमचा पसरट हूड २०० एमएमला लावला तर नुकसान काही नाही, पण उपयोगही जवळजवळ नाही.

झूम लेन्सचा हूड नेहमी सर्वात रुंद बाजूला धरून बनवलेला असतो. त्यामुळे १८-१०५ चा हूड १०५ वर फारसं काम करत नाही. त्यात तुमची चूक नाही, तो तसाच असतो.

फिल्मच्या काळातला ५० एमएम आजच्या छोट्या सेन्सरवर लावला तर तो सुमारे ३१-३२ अंशच दाखवतो. म्हणजे मूळ हूडपेक्षा थोडा लांब हूड चालून जातो. एकच लक्षात ठेवा, पुढे तोच लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर लावला तर तो लांब हूड कोपरे खाऊ शकतो.

विकत घेण्याआधी दहा रुपयांची टेस्ट

स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डशीट आणा. लेन्सच्या तोंडाभोवती त्याची नळी गुंडाळा, रबर लावा. नळी मागे-पुढे सरकवत प्रत्येक लांबीला एक फोटो घ्या. कोपरे काळे व्हायला लागले की थोडी मागे घ्या. सरळ नळीचा तुमच्या लेन्सला चालणारा हूड जास्तीत जास्त तेवढाच लांब. हा आकडा लिहून ठेवा.

टेस्ट करताना चार गोष्टी सांभाळा:
- झूम असेल तर सर्वात रुंद बाजूला ठेवा.
- फोकस अगदी लांबवर ठेवा.
- समोर मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत असू द्या, कोपरे लगेच कळतात.
- एक फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर आणि एक एफ/११ च्या आसपास घ्या. उघड्या ॲपर्चरवर काळेपणा हळूहळू विरघळल्यासारखा दिसतो, बंद ॲपर्चरवर त्याची कडा स्पष्ट होते.

व्ह्यूफाईंडरमध्ये बघून खात्री करू नका. साध्या डीएसएलआरचा व्ह्यूफाईंडर चौकटीचा साधारण ९५ टक्के भागच दाखवतो. राहिलेल्या कडेतच तर गडबड असते. फोटो काढा, झूम करून चारही कोपरे बघा.

ओरिजिनल नाही मिळाला तर?

जुन्या लेन्सचे कंपनीचे हूड दुकानात मिळणं अवघड होत चाललंय. मग पर्याय काय?

कोडप्रमाणे बनवलेले दुसऱ्या कंपन्यांचे हूड मिळतात. जेजेसीसारख्या कंपन्या निकॉन-कॅननच्या कोडशी जुळणारे हूड विकतात. ऑनलाईन घेताना वर्णनात तुमचा मूळ कोड लिहिलाय का ते बघा. नुसतं "५८ एमएमला बसेल" असं लिहिलं असेल तर तो आट्यांचा जनरल हूड समजा.

आट्यांच्या लेन्सला सर्वात सोयीचा म्हणजे घडीचा रबर हूड. काही रबर हूड तीन टप्प्यांत उघडतात: वाईड, नॉर्मल आणि टेली. रबर असल्यानं बसच्या किंवा रेल्वेच्या काचेला टेकवून फोटो काढता येतो, आतल्या लाईटचं प्रतिबिंब येत नाही. मी शेवटी ५२ मापाचा साधा रबर हूडच घेतला, २५० रुपयांत.

धातूचा हूड मजबूत असतो, पण किट लेन्सवर नको. फिरणाऱ्या-सरकणाऱ्या तोंडावर तेवढं वजन टाकलं की फोकसच्या मोटरवर ताण येतो आणि हूडला धक्का बसला की तो थेट आतल्या यंत्रणेपर्यंत जातो.

इंजिनिअरिंगला असलेल्या मित्राकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर हूड प्रिंटही करता येतो. फक्त पीएलए प्लास्टिक वापरू नका. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यात नांदेड-लातूरला उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी किंवा एबीएस वापरा. आतून मॅट काळा रंग द्या किंवा काळं वेलवेट चिकटवा. आतून चकाकणारा हूड प्रकाश अडवायच्या ऐवजी आत ढकलतो.

मोठ्या बाजारात जाणं होत असेल तर मुंबईला फोर्टमधला बोरा बाजार आणि दिल्लीला चांदणी चौकातलं कुचा चौधरी ही कॅमेऱ्याच्या सामानाची जुनी ठिकाणं आहेत. जुना हूड तिथल्या एखाद्या खोक्यात सापडू शकतो. लेन्स सोबत न्या, तिथंच लावून बघा.

लावताना आणि वापरताना

आट्यांचा हूड जोर लावून फिरवू नका. आधी हलक्या हातानं उलटा फिरवा. आटे जुळले की बारीक 'टक्' जाणवतं. मग सुलटा फिरवा. वाकडे आटे बसले तर लेन्सचं तोंड कायमचं खराब होतं.

कॅमेऱ्याचा वर उघडणारा फ्लॅश वापरताय तर हूड काढा. नाहीतर फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल सावली येते. मांडवात हा गोंधळ हमखास होतो.

खाचेचा हूड बॅगेत ठेवताना उलटा लावून ठेवा. पण फोटो काढताना तो सुलटा करा. उलट्या हूडनं फोटो काढणारे इतके दिसतात की विचारू नका. त्या स्थितीत तो काहीच अडवत नाही.

आणि मोबाईलवाल्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. हुजूर साहिबला संगमरवरावर दुपारचं ऊन असेल आणि फोटो पांढरा येत असेल, तर आधी कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसा. मग दुसऱ्या हातानं वरून सावली धरा. फुकटातला हूड.

थोडक्यात

आधी फिल्टर काढून बघा आणि टॉर्चनं लेन्स तपासा. मग लेन्सचं पूर्ण नाव आणि तोंडाचं माप लिहून घ्या. खाचेचा असेल तर नेमका कोड शोधा, आट्यांचा असेल तर माप जुळवा. तोंड फिरत असेल तर गोल हूड घ्या. आणि पहिल्याच दिवशी, कुठल्याही ऑर्डरला जाण्याआधी, सर्वात रुंद बाजूला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून चारही कोपरे बघा.

मागच्या महिन्यात आजीला भेटायला गेलो तेव्हा रबर हूड लावून तिचा अंगणात फोटो काढला. तीच हिरवी नऊवारी, तसंच ऊन. या वेळी हिरवा रंग हिरवाच आला. मामांना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, "आता लेन्स पोरगं नीट वापरायलंय."